चंद्र कुणी पांढरा ठेवला?

चंद्र म्हटलं की आपली पोरं नाक मुरडतात. पोटभरल्यांचा चाळा, म्हणतात. भुसावळच्या यार्डात रातपाळी करून आलेल्याला चांदण्याचं कौतुक कुणी सांगावं? कबूल. तरी जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतला चंद्र एकदा नीट बघा.

योशितोशीची चंद्रावरची शंभर चित्रं 1885 ते 1892 या काळात निघाली. त्यात सरदार आहेत, दरबारी बाया आहेत, पडक्या भिंतीत ध्यानाला बसलेला बोधिधर्म आहे. दुध्याच्या मांडवाखाली अर्ध्या कपड्यांत वारा खाणारी गरीब घरची माणसंही आहेत. म्हणजे चंद्र एकट्या दरबाराचा नाही. पण माझी नजर अडली ती चंद्रावरच.

तो बहुतेकदा छापलेलाच नसतो. कोरणारा आभाळाच्या ठशात तेवढा गोल खोल काढतो, छापणारा भोवती अंधार चढवतो. उरतो तो कोरा कागद. स्टेन्सिल कापणाऱ्या आपल्या हातांना हे लगेच कळेल.

त्या कागदावर रंग फुटू नये म्हणून आधी सरस-तुरटीचं पाणी फिरवतात. सरस जनावराच्या कातड्याचा. आणि जपानात कातडं कमावणारे कोण? 'एता'. लिहितात त्या अक्षरांचा अर्थच 'घाण फार'. 1871 च्या फर्मानानं नाव पुसलं, विटाळ नाही. 1922 साली क्योतोत 'सुइहेइशा' काढून ही माणसं उभी राहिली. आपलं महाड 1927 चं.

योशितोशीच्या चित्राच्या समासात कोरणाऱ्याचंही नाव सापडतं. सरस शिजवणाऱ्याचं नाही. जाणकार त्या कोऱ्या गोलाला शांतता म्हणतात. मला तिथं ढोरवाड्यातल्या बाभळीच्या सालीचा वास येतो.