उपम्याची रील आणि गाळलेला डेटा

परवा चंदनसारहून विरार स्टेशनला जाताना रिक्षात एक रील पाहिली. तुमच्याकडेही आली असेल. मुंबईचे फ्लॉइड कार्डोझ बायोकेमिस्ट्री शिकून शेफ झाले आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या ‘टॉप शेफ मास्टर्स’मध्ये उपमा करून जिंकले. गोष्ट खरी आहे, पण अर्धी.

न्यूयॉर्कमधलं त्यांचं गाजलेलं ‘तबला’ 1998 मध्ये सुरू झालं. ते डॅनी मायर यांच्या समूहाचं होतं आणि 2010 च्या शेवटी बंद पडलं. स्वतःचं ‘पाववाला’ आलं 2016 मध्ये, म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. 2018 मध्ये त्याचं नाव बदललं, 2019 मध्ये तेही बंद. टिकलं ते मुंबईत 2015 मध्ये भागीदारीत उभं केलेलं ‘बॉम्बे कँटीन’. 2020 मध्ये कोविडने कार्डोझ गेले, त्यानंतरही ते चालू राहिलं.

रीलने यातलं सगळं गाळलंय. आम्ही संशोधनात फक्त जमलेले प्रयोग दाखवले तर गाईड लगेच विचारतात, बाकीचे कुठे गेले? टिकलेलेच मोजले की वाट सोपी वाटते. याला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात.

तुमचा भाऊ नोकरी सोडून रेस्टॉरंट काढायचं म्हणत असेल, तर रील जरूर पाठवा. सोबत या तारखाही पाठवा.