पंडिता रमाबाईंचे शास्त्रवाचन : श्रद्धा, स्वातंत्र्य आणि अनुवाद

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन धर्मांतर योग्य की अयोग्य या वादातच अडकून पडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेणारी ही विदुषी बायबल कसे वाचत होती, या प्रश्नाकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले. वस्तुतः रमाबाईंच्या कार्यामागील बळ समजून घ्यावयाचे असेल, तर त्यांच्या शास्त्रवाचनाचे स्वरूपच प्रथम पाहावे लागते.

रमाबाई मुळात पुराणिकाच्या घरातील. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, आणि तीर्थोतीर्थी पुराण सांगत हे कुटुंब हिंडत राहिले. दुष्काळात आईवडील गेले, पण पोथीने आपेक्षित फळ दिले नाही. म्हणजे धर्मग्रंथ जगण्याचा आधार असतो ही धारणा आणि तो आधार तुटल्याचा अनुभव, या दोन्ही गोष्टी घेऊनच रमाबाई बायबलकडे आल्या. ज्या व्यक्तीने सहस्रावधी श्लोक कंठस्थ केले, तिचे वाचन भाबडे असणे शक्य नव्हते.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी फुलहॅम येथील एका प्रसंगाला विशेष महत्त्व दिले आहे. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी सांभाळत होत्या. हे कशासाठी, या रमाबाईंच्या जिज्ञासेला उत्तर म्हणून त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ही कथा रमाबाईंच्या मनात का रुजली असावी, हे महाराष्ट्रातील वाचकास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. विहीर, भर दुपार, पाणी भरण्यास एकटीच आलेली स्त्री, आणि ज्या जातीशी व्यवहार नाही तिच्या हातचे पाणी मागणारा परका पुरुष. शिवाशिवीचा संपूर्ण प्रश्न या एका पाणवठ्यावर उभा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाच पती झालेल्या त्या स्त्रीशी येशू उपासनेच्या स्वरूपाविषयी, म्हणजे निव्वळ तत्त्वज्ञानाविषयी, बोलतो. आणि ती घागर तेथेच टाकून गावाला सांगावयास जाते. ज्या स्त्रीस शास्त्राचा अधिकार नाही, तिलाच येथे शास्त्रार्थ सांगितला गेला आहे. फेब्रुवारी १८८२ मध्ये वैधव्य आलेल्या, शास्त्रार्थ करणारी स्त्री म्हणून गौरव आणि उपहास दोन्ही अनुभवलेल्या रमाबाईंना या कथेत केवळ सांत्वन नव्हे, तर कार्याची दिशा सापडली.

तथापि हे वाचन चर्चच्या अधीन झाले नाही. सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केलेला आणि अ. भि. शहा यांनी १९७७ साली संपादित करून प्रकाशात आणलेला पत्रव्यवहार या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका, धर्मगुरूंच्या अधिकारास नकार, तरुण पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेल्या आक्षेपाचा निषेध : या पत्रांतील रमाबाई शिष्येपेक्षा प्रतिपक्षीच अधिक वाटतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे घ्यावयाचे नाही, हा निर्धार त्यांनी बायबलच्याच आधारे केला. पुढे ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेल्या शारदा सदनात त्या आपल्या मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि विधवा मुली येऊन बसत. त्या उघड्या दारावरूनच १८९३ साली वादळ उठले व सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले. संस्था एकटीने चालविण्याचे धैर्य त्या काळात कोठून आले, याचे उत्तर समाजसुधारणेच्या इतिहासात पुरेसे मिळत नाही. ते त्यांच्या नित्याच्या शास्त्रचिंतनात शोधावे लागते.

या वाचनाची एक मर्यादा मात्र नोंदविणे प्राप्त आहे. स्त्री व शूद्र यांच्याविषयीच्या हिंदू शास्त्रवचनांची रमाबाईंनी आत्मनिवेदनात निर्भीड चिकित्सा केली. पण स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे असे सांगणाऱ्या पौलाच्या वचनांना त्याच कठोरतेने लावलेली कसोटी तेथे आढळत नाही. एका परंपरेचे मूल्यमापन तिच्या कठोर वचनांवरून आणि दुसरीचे तिच्या करुण कथांवरून, असा तोल येथे ढळला आहे. भक्ताचे वाचन म्हणून हे समजण्यासारखे आहे. चिकित्सकाचे वाचन म्हणून नाही.

उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्तिसदनातील दुष्काळग्रस्त स्त्रियांचा संसार सांभाळीत असतानाच रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. येथे त्यांच्या शास्त्रचिंतनाची खरी कसोटी लागते. अनेक वर्षे संस्कृत हेच ज्यांचे वैभव होते, त्या पंडितेने अनुवादात संस्कृतप्रचुर शब्द जाणीवपूर्वक टाळले. कारण दुहेरी होते. त्या शब्दांबरोबर जुन्या दर्शनांचे अर्थ चिकटून येत, आणि सदनातील अक्षरओळख नुकतीच झालेल्या स्त्रीला ते कळत नसत. ज्ञानाची सत्ता स्वतःजवळ असताना ती सोडून देण्याचे असे उदाहरण मराठी वाङ्मयात विरळाच. वाङ्मयदृष्ट्या या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. मराठी ख्रिस्ती मंडळीत बायबल सोसायटीचे भाषांतरच रूढ राहिले आणि रमाबाईंचा अनुवाद अभ्यासकांपुरता उरला. मराठी अनुवादमीमांसेनेही त्याची अपेक्षित दखल घेतली नाही, ही खेदाची गोष्ट होय. ना. वा. टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’चा विचार काव्य म्हणून तरी झाला, रमाबाईंचा अनुवाद मात्र धर्मकार्याच्या कप्प्यात बंद राहिला.

१९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा निवर्तली. त्या आघातानंतरही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा अनुवाद हातावेगळा झालेला होता. मुक्तिसदनाच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापलेले हे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.