सुपा तालुक्यातला शेतकरी पूर्वज: कागद कोणाचा, जमीन कोणाची?

घराण्याचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी हे काम मोजक्या घराण्यांपुरतं होतं. आता शेतकरी घरातली मुलंही आजोबा-पणजोबांची जमीन शोधायला निघाली आहेत. जोयडा, रामनगर, हल्याळ, कारवार या बाजूचे असे बरेच निबंध मी गेल्या काही वर्षांत वाचले. मेहनत सगळ्यांत दिसते, पण साचा बहुतेकांचा एकच. आधी मूळ गाव आणि कुलदैवत, मग गोव्याहून घाट चढून आल्याची हकीकत, मग एखादा जुना कागद, त्यावरचं नाव, त्यापुढे अमुक एकर, आणि शेवटी वंशावळ. हा साचा कोकणातल्या नि देशावरच्या कुलवृत्तांतांतून आला. तिथे तो बऱ्यापैकी बसतो. काळी नदीच्या खोऱ्यात तो बसत नाही, असं माझं मत आहे. का ते सांगतो.

पहिला आक्षेप कागदावरच्या नावाबद्दल. कानडा जिल्ह्यात सर्व्हेच्या आधी जमिनीचा हिशेब 'वर्गा'वर चालायचा. वर्ग म्हणजे सरकारी वहीत एका नावावर लागलेलं खातं. त्या खात्यात भातशेत, बागायत, पड, शिवाय काही ठिकाणी डोंगरावरची कुमरीही यायची. ज्याच्या नावावर खातं तो मूळवर्गदार. त्याच्या खाली ठरलेल्या खंडावर पिढ्यान् पिढ्या कसणारा मूळगेणीदार, आणि त्याच्याही खाली मालकाच्या मर्जीवर राहिलेला चालगेणीदार. नांगर बहुतेक वेळा खालच्या दोघांच्या हातात, आणि वहीत नाव वरच्याचं. त्यामुळे १८५० च्या आसपासच्या वहीत आपल्या आडनावाचा माणूस दिसला, तर तो शेतकरी होता की शेतकऱ्याकडून खंड घेणारा होता, हा प्रश्न आधी विचारायला हवा. उलट नाव दिसलं नाही म्हणून 'आमच्याकडे जमीनच नव्हती' असंही म्हणता येत नाही. हा प्रश्न विचारलेला निबंध मला क्वचितच भेटला.

हे पेच ब्रिटिशांनाही लवकर कळले होते. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर कानडा कंपनीकडे आला आणि थॉमस मन्रो तिथला पहिला कलेक्टर झाला. इथे जमिनीवर खाजगी मालकी आहे, ती जुनी आहे, विकली जाते, गहाण पडते, हे त्याने वर कळवलं. त्याला आधार होता तो जुन्या हिशेबांचा. ते हिशेब 'कडता'वर असत. कडत म्हणजे कोळसा आणि चिंचोक्याची खळ लावून काळं केलेलं कापड. त्यावर बळपाने पांढऱ्या अक्षरात लिहायचं आणि घडी घालून ठेवायचं. बळपाचं लिखाण पुसून पुन्हा लिहिता येतं, हे मात्र विसरू नये. कुठल्या तरी घरात कडत निघालं की निबंधात त्याचा फोटो येतो नि मजकूर प्रमाण मानला जातो. तो कोणी, कोणासाठी, कोणत्या वसुलीच्या वेळी लिहिला, याची चर्चा होत नाही.

दुसरा आक्षेप गॅझेटियर वाचण्याच्या पद्धतीवर. कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंधरावा खंड, म्हणजे कानडा, १८८३ मध्ये दोन भागांत आला. आपल्या निबंधांत त्याचा उतारा नाही असं होतच नाही. ग्रंथ मोठा आहे, माहिती भरपूर आहे, आणि त्याच्याशिवाय काम चालत नाही हे खरं. पण लोकांच्या प्रकरणात तो माणसाला जातीच्या कप्प्यात टाकतो: ही जात अशी दिसते, असं खाते, असं नेसते, अमुक देवाला भजते. महसुलाच्या प्रकरणात तो माणूस नाहीसा होतो आणि आकारणी, वसुली, हंगाम एवढंच उरतं. दोन्ही प्रकरणं जोडणारा धागा, म्हणजे या जातीतल्या लोकांचा त्या जमिनीवर हक्क कोणता, तो ग्रंथात फार विरळ आहे. आपले लेखक पहिल्या प्रकरणातून 'आम्ही' उचलतात, दुसऱ्यातून 'जमीन' उचलतात, आणि मधली दरी वंशावळीने बुजवतात. ती अशी बुजत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा. जोयड्याच्या डोंगरातला कुणबी किंवा कुमरी मराठा पूर्वज ज्या जमिनीवर जगला, ती जमीन एका जागी नव्हतीच. झाडी तोडायची, वाळू द्यायची, पावसाआधी पेटवायची, राखेत नाचणी पेरायची. एक-दोन पिकं घ्यायची, मग तो तुकडा सोडून पुढे जायचं, आणि झाडी वाढली की बऱ्याच वर्षांनी परत यायचं. ही कुमरी. अशा शेतकऱ्याच्या नावापुढे 'अमुक एकर' लिहायचं कसं? या वर्षी पेरलेला तुकडा धरायचा, की फिरतीत येणारा सगळा डोंगर?

सरकारने या प्रश्नाचं उत्तर स्वतःपुरतं देऊन टाकलं. मद्रास सरकारने १८६० मध्ये सरकारी जंगलात परवानगीशिवाय कुमरी करायला बंदी घातली. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला. त्यानंतरचे दोन निकाल आपल्या अभ्यासकांनी जरूर वाचावेत. पहिला १८७५ चा वैकुंठ बापूजी खटला. कानड्यातल्या जमीनदारांनी नव्या आकारणीला आव्हान दिलं होतं, आणि ते हरले. दुसरा १८७९ चा भास्कराप्पा विरुद्ध उत्तर कानड्याचा कलेक्टर. त्यात वर्गातलं जंगल आपल्या मालकीचं आहे हा दावा टिकला नाही. पहिल्या निकालात कानड्याच्या जमीनधारणेचा लांबलचक इतिहास आला आहे, नि तो इतिहास म्हणून वाचण्यासारखाच आहे. पण हा वाद वर्गदार आणि सरकार यांच्यातला. खाली कुमरी करणारा ना वादी, ना प्रतिवादी. ज्याच्या चुलीवर त्या निकालाचा परिणाम झाला, त्याचं म्हणणं कोणी नोंदवलं नाही. म्हणून 'कोर्टाच्या कागदात आमचे पूर्वज नाहीत' एवढं लिहून पुढे जाणं मला पटत नाही. त्यांचं तिथे नसणं ही इतिहासातली एक घटना आहे, आणि ती नीट मांडली पाहिजे.

अमेरिकेत गेलेले आपले नातेवाईक हल्ली तिकडच्या वंशशोधाचे नमुने पाठवतात नि म्हणतात, 'बघा, कसं पद्धतशीर काम करतात!' खरंच करतात. व्हर्जिनियातला वसाहतकाळचा शेतकरी शोधायचा तर सनदा आहेत, खरेदीखतं आहेत, मृत्युपत्रं आहेत. १७०४ ची क्विट-रेंटची, म्हणजे जमिनीवरच्या वार्षिक सरकारी देण्याची यादी आहे. त्यात परगण्यावार माणसाचं नाव आणि एकर मिळतात. खरेदीखतातल्या 'ओढ्यापासून त्या ओकच्या झाडापर्यंत इतके पोल' अशा वर्णनावरून लोक घरबसल्या नकाशा काढतात. पोल ही साडेसोळा फुटांची मोजणीची काठी. गंमत म्हणजे मुंबई इलाख्याच्या सर्व्हेची साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन पोल. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचे पुन्हा १६ आणे. आपल्या पहाणीपत्रकात आजही एकर-गुंठा-आणा असंच लिहून येतं. मोजायचं माप तिकडचं आणि इकडचं एकाच घरातलं आहे.

मापाबरोबर मापाचा दोषही आला. व्हर्जिनियात जो कोणी माणूस स्वखर्चाने वसाहतीत आणील, त्याला माणशी ५० एकर जमीन मिळायची. म्हणजे आणलेल्या नोकराच्या डोक्यावर मालकाचे एकर वाढायचे. १७०४ च्या यादीत जमीनधारक आहे. त्याच्या शेतात राबणारा गुलाम नाही, आणि ज्याची ती भूमी मुळात होती तो पोव्हाटन लोकांतला माणूसही नाही. तिकडचे चांगले अभ्यासक आता हे उघड लिहितात. आपण त्यांची पद्धत घ्यायची तर तिच्यासोबत ही टीकाही घ्यायला हवी. नुसता नकाशा काढून भागणार नाही.

चौथी गोष्ट नावांची. वेळीप, गावडा, मिराशी ही आडनावं मुळात मान, काम किंवा हक्क सांगणारी आहेत. दोन गावांत दोन गावडे सापडले म्हणून ते एका कुळाचे ठरत नाहीत. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एका पिढीआड तेच नाव येतं, आणि दोन माणसांचा एक माणूस होऊन बसतो. त्यात नाव कधी कानडीत, कधी मोडीत, कधी इंग्रजीत लिहिलेलं. तालुक्याचंही तसंच. सुपा हे गाव काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, तिथले बरेच लोक रामनगरला आले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला. जनगणनेत मात्र पुढेही 'सुपा' हेच नाव येत राहिलं. जुन्या कागदांत सुपा आणि हल्याळ कधी एकत्र, कधी वेगळे. नुसतं 'जोयडा' शोधणाऱ्याच्या हाती फार थोडं लागेल.

इतकी कटकट कशाला, असं कोणी म्हणेल. घरची हौस आहे, चार पानं लिहिली, झालं. हौसेपुरतं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण जोयड्यात पूर्वजाची जमीन शोधणं आज हौसेपुरतं राहिलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलात वास्तव्य आणि जंगलावर उपजीविका दाखवावी लागते. गोव्यातला कुणबी अनुसूचित जमातीत आहे. घाटावरचा त्याचा भाऊबंद कर्नाटकात ती मागणी करत अजून वाट बघतो आहे. म्हणजे जोयड्याच्या कुणब्याला थेट १९३० पर्यंत मागे जाणं भाग आहे. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता!

आणि इथेच आपल्या निबंधांचा खरा उपयोग आहे, तो आपण वाया घालवतो. त्या कायद्याच्या नियमांतला १३ वा नियम वाचा. त्यात गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, जंगलखात्याच्या योजना पुरावा म्हणून चालतात. कोर्टाचे आदेश चालतात. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान चालतं. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुन्या जमीनदप्तरात नाव असलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळही चालते. म्हणजे कुलवृत्तांताचं शेवटचं पान, जे आपण हौसेने रंगीत छापतो, तो इथे पुरावा आहे. पण तो छाननीला टिकला पाहिजे. 'असे सांगतात की' आणि 'वहीत असे आहे' यांची सरमिसळ केलेली वंशावळ पहिल्याच प्रश्नाला कोसळेल, आणि तिच्यासोबत खरा दावाही पडेल.

म्हणून निबंध लिहिणाऱ्यांना माझं सांगणं असं. आधी काळाचे तुकडे पाडा. १७९९ ते १८६२ चे वरच्या पातळीवरचे कागद मद्रासच्या दप्तरात, म्हणजे आजच्या चेन्नईत. १८६२ ते १९५६ चे मुंबईच्या पुराभिलेखागारात. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे बेंगळुरूच्या बाजूला. गावपातळीचे कागद तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या दप्तरखान्यात. हैदरच्या स्वारीनंतर सोंद्याचा राजा गोव्यात गेला, म्हणून त्याआधीच्या गोष्टींसाठी पणजीचं दप्तर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, म्हणून फेरफाराच्या नोंदी त्यापुढच्या काळात शोधाव्यात. १९७४ च्या जमीनसुधारणेनंतर कुळांनी केलेले अर्ज जरूर बघा. वहीत कधीच न आलेला कसणारा तिथे स्वतःच्या नावाने बोलतो.

दुसरं, जंगलखात्याच्या कागदांना भिऊ नका नि लाजूही नका. पणजोबाला बेकायदा कुमरी केली म्हणून दंड झाल्याची नोंद सापडली, तर घरातले म्हणतात, 'हे कशाला छापायचं?' जरूर छापा. अमुक वर्षी, अमुक डोंगरावर, अमुक नावाचा माणूस शेती करत होता, हे सरकारनेच तिथे लिहून ठेवलं आहे. याहून चांगला साक्षीदार कुठून आणणार?

तिसरं, प्रत्येक विधानापुढे ते कशावरून म्हणता हे लिहा: वही, दगड, की आजीचं बोलणं. आजीचं बोलणं कमी दर्जाचं अजिबात नाही. कोणत्या सड्यावर नाचणी व्हायची, कोणत्या ओहोळाशी हद्द संपायची, कोणत्या झाडाखाली गावदेव, हे तिलाच ठाऊक असतं. फक्त सांगणारीचं नाव, वय, गाव आणि तारीख टिपून घ्या, आणि दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याकडून ते ताडून बघा.

वर्गदाराचा इतिहास लिहून झाला आहे, तोही पुष्कळ. कुमरीवाल्याचा अजून लिहायचाय. तो लिहिताना 'आमची इतकी जमीन होती' हे वाक्य शेवटी आलं नाही तरी चालेल. 'आम्ही इथे होतो, आणि हे त्याचे पुरावे' एवढं सिद्ध झालं, तरी त्या निबंधाने आपलं काम केलं असं मी म्हणेन.