हाताला कळणारं घर

आपण ‘घर बघायला जातो’ असं म्हणतो. पण घर बघून कळतं का हो? अंधारात बटण चाचपडणारा हात, पहाटे गार फरशीवर पडलेला पाय, आतल्या खोलीतून येणारा भांड्यांचा आवाज, घर आपल्याला खरं तर असं कळत असतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र ज्ञानाचं उदाहरण द्यायचं तर ते डोळ्याचंच. आम्हीही वर्षानुवर्षं तेच दिलं. म्हणून आज आयलीन ग्रे यांच्याविषयी बोलू.

ग्रेबाईंचा जन्म आयर्लंडमधला, १८७८ सालचा. पुढे त्या पॅरिसमध्ये स्थिरावल्या आणि तिथे सुगावारा या जपानी कारागिराकडून लॅकरचं काम शिकल्या. झाडाच्या चिकाचा थर द्यायचा, दमट हवेत वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा थर. या कामात डोळा फसेल, बोट फसत नाही. आमच्या मते त्यांची सगळी दृष्टी इथे घडली. बघा, ‘दृष्टी’ हा शब्दही पुन्हा डोळ्याचाच!

१९२६ ते १९२९ या काळात त्यांनी ज्याँ बादोविचीसोबत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘ई-१०२७’ हे घर उभारलं. प्रवेशापाशी भिंतीवर सूचना आहे, सावकाश आत या. कपबशा वाजू नयेत म्हणून चहाच्या टेबलावर कॉर्क बसवलेलं. अंथरुणात बसल्या बसल्या खाता यावं म्हणून कमीजास्त उंचीचं छोटं टेबल. ले कॉर्बुझिए तेव्हा घराला यंत्र म्हणत होता. बाईंना ते मान्य नव्हतं. पुढे १९३८-३९ मध्ये त्याच कॉर्बुझिएनं, बाईंना न विचारता, या घराच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. हाताच्या घरावर डोळ्यानं केलेलं हे आक्रमण, असं आम्ही म्हणू.

इथपर्यंत आम्ही बाईंच्या बाजूचे. पण एक आक्षेप आहेच. याच घरात मोलकरणीची खोली आहे, राहता येईल इतकी लहानात लहान. बाईंनी तिचा विचार केला नाही असं नव्हे. केला, पण किती कमी जागेत भागेल याचा. कपाचा आवाज मालकाच्या कानाला लागू नये याची काळजी आहे. तो कप विसळणाऱ्या हातांचं काय?

या वस्तूंचं पुढे काय झालं तेही पाहा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यात बाईंची ‘ट्रान्सॅट’ आरामखुर्ची होती. तिथलं बरंचसं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात निघालं. २००९ मध्ये बाईंची दुसरी एक खुर्ची सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना गेली. एवढ्या किमतीच्या खुर्चीवर कोण टेकणार? स्पर्शासाठी घडवलेली वस्तू शेवटी बघण्यापुरती उरली.

तेव्हा कुणी ‘पंचेंद्रियांना सुखावणारं इंटिरिअर’ दाखवायला नेलं, तर दिवाणखान्यात रमू नका. ओट्याशी जा. भांडी घासायची जागा कमरेला झेपते का, तिथे वारा येतो का, ते तिथे उभं राहून पाहा. ही कसोटी ग्रेबाईंनीच शिकवलेली आहे. ती त्यांच्या घरालाही लावायची, यात त्यांचा अनादर नाही. उलट, आपण त्यांचं मनावर घेतलं, असाच त्याचा अर्थ.