कात्रणातील मथळा : घनवादी कोलाज आणि वाचनाचा प्रश्न

तौलनिक साहित्याभ्यासात ‘कोलाज’ ही संज्ञा इतकी सैल झाली आहे की तुटक ओळींच्या कोणत्याही कवितेला ती लावली जाते. ती ज्या चित्रांतून आली, त्या चित्रांत काय चिकटवले गेले आणि ते कोठे कापले गेले, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

मे १९१२ मध्ये पाब्लो पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड एका लंबवर्तुळाकार चित्रात डकवले व चौकटीऐवजी भोवती दोर लावला. सप्टेंबरात जॉर्ज ब्राकने लाकडाच्या शिरांचा आभास देणारा भिंतकागद कोळशाच्या रेखाटनात चिकटवला. दोन्ही ठिकाणी चिकटवलेली वस्तू खरी; तिच्यावरील वेत आणि लाकूड खोटे. कोलाजने चित्रात वास्तव आणले, हे प्रचलित विधान अशा रीतीने आरंभीच अडखळते.

वृत्तपत्रीय कात्रणांनी पेच वाढवला. क्लेमंट ग्रीनबर्ग यांच्या लेखी चिकटवलेल्या कागदाचे महत्त्व मुख्यतः चित्रपृष्ठाच्या सपाटपणाशी निगडित होते. मजकूर गौण होता. पॅट्रिशिया लेटन यांनी १९८९ च्या ग्रंथात कात्रणे वाचली आणि बाल्कन युद्धाच्या बातम्यांत चित्रकाराची युद्धविरोधी, अराज्यवादी भूमिका पाहिली. रोझालिंड क्राउस यांनी १९९८ मध्ये अशा वाचनास हरकत घेतली : कात्रणातील आवाज चित्रकाराचा मानता येत नाही.

‘गिटार, संगीतलिपी आणि पेला’ या १९१२ च्या चित्रात हा वाद तपासून पाहता येतो. ‘ल झुर्नाल’च्या १८ नोव्हेंबरच्या अंकातील चताल्जा येथील लढाईच्या बातमीचा मथळा तेथे आहे, परंतु वाचता येते ते ‘लढाईला तोंड लागले’ एवढेच. स्थळ कात्रीने गेले आहे. पत्राच्या नावातून ‘झू’ उरतो आणि फ्रेंच कानाला तो खेळही सुचवतो. क्रियापदाचे अंत्य स्त्रीलिंगी अक्षरही कापले गेले आहे. मराठीत ‘लढाई सुरू झाला’ असे छापून यावे तसे. क्राउस यांची हरकत येथवर ग्राह्य ठरते. पण मजकूर निव्वळ पोत म्हणून हवा असता, तर जाहिरातीचा कोणताही स्तंभ पुरला असता. त्या आठवड्यातील पॅरिसच्या वाचकाला उरलेली ओळ पूर्ण करणे अवघड नव्हते. लेटन यांची चूक मजकूर वाचण्यात नाही. कापलेली जागा न वाचता त्यातून थेट मतापर्यंत जाण्यात आहे.

गिय्योम अपोलिनेरच्या ‘लँदी र्‍यू क्रिस्तीन’ (१९१३) या कवितेत कानावर पडलेल्या बोलण्याचे तुकडे एकाखाली एक येतात, म्हणून तिलाही कोलाज म्हणण्याचा प्रघात आहे. साम्य खरे, पण अर्धे. मुद्रणात सर्व ओळींचा टाइप एकच होतो. उचललेली ओळ कोणती आणि रचलेली कोणती, हे डोळ्याला कळत नाही. पिकासोच्या चित्रातील कात्रण मात्र पिवळे पडले आहे, आणि शेजारच्या कागदांपासून त्याची कड अजूनही वेगळी दिसते.