गो ओरडतो तेव्हा गाडीला काय ऐकू येतं?

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, प्रयोग डिझाइन करायचा म्हणजे नक्की काय करायचं?" मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. ती त्याला पटली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. म्हणून आज पुस्तक बाजूला ठेवून एका कार्टूनवर लिहितेय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

कार्टूनचं नाव 'बाकुसो क्योदाई लेट्स अँड गो!!'. तेत्सुहिरो कोशिता यांची ही मांगा १९९४ मध्ये 'कोरोकोरो कॉमिक' मासिकात सुरू झाली आणि जानेवारी १९९६ पासून जपानी टीव्हीवर अॅनिमे आलं. सेइबा घरातले दोन भाऊ: थोरला रेत्सु, धाकटा गो. जपानीत 'र' आणि 'ल' असा भेद नाही, त्यामुळे 'रेत्सु अँड गो' हेच 'लेट्स अँड गो' होतं. दोघं तामिया कंपनीच्या 'मिनी फोर डब्ल्यूडी' गाड्या पळवतात. गाडी खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी, दोन पेन्सिल सेल, एक मोटर, आणि दांड्यावरून चारही चाकांना गती. रिमोट नाही, स्टिअरिंगही नाही. ट्रॅकला दोन्ही बाजूंनी भिंती असतात, गाडीच्या कडेचे छोटे रोलर त्या भिंतींना घासतात आणि गाडी वळते.

म्हणजे गाडी हातातून सुटली की तुमचं काम संपलं. मोटर कोणती, गिअरचं प्रमाण किती, टायर केवढे, वजन कुठे, हे सगळं आधीच ठरवायचं. आपण गड्ड्याच्या यात्रेतून आणलेली गाडी मागे ओढून फरशीवर सोडायचो, तसंच. फरक एवढाच, की आपण ती कधी उघडून बघितली नाही.

सुरुवातीचा प्रसंग मला फार आवडतो. डॉक्टर त्सुचिया दोघा भावांना एकसारखीच 'सेबर' गाडी देतात. गो ती सरळ रस्त्यावर सुसाट पळेल अशी करतो, तिचं नाव मॅग्नम. रेत्सु वळणावर टिकेल अशी करतो, ती सोनिक. एकच किट, एकच ट्रॅक, दोन वेगळी गृहीतकं. ज्युनिअरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: बाकी सगळं सारखं ठेवून एक गोष्ट बदला, मग बघा.

दोघांचं भांडणही खरं आहे. वळणावर लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. समजा गाडी सेकंदाला ५ मीटर वेगाने अर्ध्या मीटर त्रिज्येच्या वळणात शिरली, तर ते त्वरण ५० येतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट. वेग ६ केला तर ७२. वेग २० टक्के वाढला आणि लागणारं त्वरण ४४ टक्क्यांनी. गोची मॅग्नम वळणावर उडते ती म्हणूनच. इथपर्यंत मालिका विज्ञानाशी प्रामाणिक आहे.

माझी तक्रार पुढची आहे. शर्यत शेवटच्या टप्प्यात आली की गो गाडीबरोबर पळत जोरात ओरडतो, "मॅग्नम!" आणि मॅग्नम वेग वाढवते. कधी हवेत उडून स्वतःभोवती गिरकी घेते, त्याला 'मॅग्नम टॉर्नेडो' म्हणतात. आता मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाची ध्वनिशक्ती मिलीवॉटच्या आसपास असते, मोटर मात्र काही वॉट खाते. आणि हवेत गेल्यावर गिरकी आपोआप सुरू होत नाही, ती जमीन सोडतानाच मिळावी लागते. तुम्ही म्हणाल, लहान मुलांचं कार्टून आहे, एवढं काय त्यात! गिरकी मी माफ करते, ओरडणं नाही. ज्या खेळाचा पाया 'सोडल्यावर हात लावायचा नाही' हा आहे, त्यात जिंकायचं कारण 'मनापासून इच्छा होती' हे दिलं, की आधीची सगळी मेहनत फुकट जाते. रेत्सुचं शांतपणे विचार करणं मग नुसतं भित्रेपण वाटायला लागतं.

हे मला एवढं का लागलं, ते सांगते. मी स्प्रे पायरोलिसिसने ऑक्साइडच्या पातळ फिल्म बनवते, गॅस सेन्सरसाठी. गरम काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा. पहिल्या वर्षी एकाच रेसिपीच्या नऊ फिल्म केल्या. आठ साधारण निघाल्या, एक अप्रतिम. त्या रात्री जुळे सोलापुरातल्या खोलीवर बसून मी त्या एकीचाच ग्राफ काढला. मनात म्हटलं, हीच खरी, बाकीच्या बिघडल्या. सरांनी ग्राफ बघितला आणि एवढंच म्हणाले, "छान. हीच परत करून दाखव."

चार महिने गेले. नाही झाली. ती फिल्म मोजली तेव्हा जुलै होता, बाहेर पाऊस. ओलाव्याचा अशा सेन्सरवर परिणाम होतो हे मी वाचलेलं होतं, पण वहीत त्या दिवशीची आर्द्रता लिहिलेलीच नव्हती. त्यामुळे तेच कारण होतं की दुसरं काही, हे आजही मला सांगता येत नाही. त्या चार महिन्यांत मी जे करत होते ते गोचंच ओरडणं होतं. शेवटी नऊही फिल्म टेबलमध्ये टाकल्या, फरकासकट. ग्राफ कुरूप दिसतो, पण खरा आहे.

तरी गोला मी वाईट नायक म्हणणार नाही. त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे तेव्हा नव्हती: हरला की तो गाडी उघडतो. रुसतो, भावाशी भांडतो, पण परत स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. डॉक्टर ओगामीच्या गटाचा 'बीक स्पायडर' हवेच्या धारेने दुसऱ्यांच्या गाड्या कापत सुटतो. तशा गाड्यांसमोरही गोला तोडायची नाही, पळवायची गाडीच हवी असते. मालिकेतला सगळ्यात चांगला भाग शर्यतीत नाही, दोन शर्यतींच्या मधल्या टेबलावर आहे.

तर ज्युनिअर, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर: गाडी सोडायच्या आधी जे ठरवलं ते सगळं लिहून ठेव, हवामानासकट. सोडल्यावर गप्प बस. आणि हरलास तर उघडून बघ.