एका रिपोर्टाचे रसग्रहण

आमच्या तीर्थरूपांचा ब्लड कल्चर रिपोर्ट मी विरार लोकलमध्ये उभ्याने वाचला. छपाई सुबक, निष्कर्ष ठाम; फक्त खलनायक चुकीचा! स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू तुमच्या-आमच्या कातडीवर बिनभाड्याने राहतो. स्पिरिट सुकायच्या आत सुई टोचली, की स्वारी थेट बाटलीत. म्हणून रक्त दोन ठिकाणांहून घ्यायचे असते, आमच्या ब्रँचमधल्या दोन सह्यांसारखे. इथे एकाच सहीवर चेक पास! सहा दिवस व्हॅन्कोमायसिन चालले, क्रिएटिनिन चढले. शंभरांत तीन बाटल्यांपर्यंत अशी भेसळ खपवून घेण्याचा जुना दंडक आहे. आमच्या कॅशियरला एवढी सवलत कोण देईल? डॉक्टर म्हणाले, "जंतू कातडीवरचा होता." तीर्थरूप खवळले, "अहो, मी रोज दोनदा आंघोळ करतो!"